मदरबोर्ड गेलाय म्हणे

पनवेल स्टेशनजवळच्या एका दुकानात निकाल लागायला पाच मिनिटंही लागली नाहीत. काउंटरवरच्या मुलाने लॅपटॉपचं बटण दाबलं. दिवा लागला, पंखा घुरघुरला, पडदा मात्र काळाच. "मदरबोर्ड गेलाय, काका. सहा-सात हजार धरा. त्यापेक्षा नवीनच घ्या." एवढं सांगून तो पुढच्या गिऱ्हाइकाच्या फुटलेल्या मोबाइलकडे वळला.

काका एसटीच्या आगारात तीस वर्षं मेकॅनिक होते, आता निवृत्त आहेत. बॉनेट न उघडता दिलेला निकाल त्यांच्या पचनी पडत नाही. लॅपटॉप पिशवीत घालून ते घरी आले. घरी दिवाळीसाठी भाची आलेली. ती ऐरोलीच्या एका कंपनीत लोकांचे लॅपटॉप सांभाळण्याचंच काम करते. तिचंही म्हणणं नवीन घे असंच होतं, फक्त कारणं जास्त चांगली होती. मग २०२५ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत तीन संध्याकाळी मामा-भाचीचा जो वाद रंगला, त्याची ही हकिकत. नावं द्यायची गरज नाही. असे मामा आणि अशा भाच्या पनवेलच्या दर दुसऱ्या सोसायटीत भेटतात.

"किती साली घेतलास रे हा?" तिने विचारलं.

"चौदा साली."

"म्हणजे अकरा वर्षं झाली. आमच्याकडे चार वर्षं झाली की लॅपटॉप परत घेतात, चालू असला तरी."

"तुमच्याकडे माणसंही तेवढीच टिकतात. आमच्याकडे चासी चांगली असली तर बॉडी उतरवायची आणि दुसरी चढवायची. गाडी पुन्हा रस्त्यावर."

हे मामांनी रंगवून सांगितलेलं नव्हतं. पुण्याजवळची दापोडी, छत्रपती संभाजीनगरची चिकलठाणा आणि नागपूरची हिंगणा या एसटीच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळांत महामंडळ स्वतः गाड्यांची बांधणी करतं. जुन्या ॲल्युमिनियमच्या बॉडी उतरवून त्याच चासीवर पोलादी बॉडी चढवलेल्या गाड्या महाराष्ट्रभर धावल्या आहेत. ज्या माणसाने हे काम जवळून पाहिलं, त्याला 'बोर्ड गेला' हे वाक्य 'इंजिन गेलं' इतकंच आळशी वाटलं तर नवल नाही.

"सेल्फ मारला, इंजिन फिरतंय पण पकडत नाही, तर आम्ही इंजिन गेलं म्हणत नाही," मामा म्हणाले. "डिझेल येतंय का बघतो. लाइनीत हवा धरली असेल तर काढतो. तुझ्या या डब्यात डिझेल कुठून येतं, तेवढं सांग."

भाचीला हा प्रश्न आवडला असावा, कारण ती पहिल्यांदाच नीट बसून बोलायला लागली.

बटण दाबल्यावर लॅपटॉप लगेच विंडोज शोधायला जात नाही. मदरबोर्डवरच्या एका लहानशा चिपमध्ये एक प्रोग्रॅम असतो. जुने लोक त्याला बायोस म्हणतात, नव्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे. तो आधी घरातली माणसं मोजतो: प्रोसेसर आहे, रॅम आहे, पडदा आहे, कीबोर्ड आहे. या हजेरीला पोस्ट म्हणतात. हजेरी पूर्ण झाली की कंपनीचा लोगो दिसतो. मग तो डिस्ककडे वळतो, तिथून विंडोज उचलून रॅममध्ये आणतो आणि कारभार तिच्या हाती देतो. गाडी कुठल्या थांब्यावर अडली हे कळलं की निम्मं काम झालं. दिवाच लागत नसेल तर चार्जर किंवा बॅटरी बघायची. दिवा लागतो, पंखा फिरतो पण लोगो येत नाही, तर हजेरीत कोणीतरी गैरहजर आहे. लोगो येऊन पुढे अडलं तर डिस्क किंवा सेटिंग. आणि विंडोजचं गोल चक्र फिरत राहिलं किंवा निळा पडदा आला, तर बाकी यंत्र बहुधा धडधाकट असतं.

"म्हणजे आपला दुसऱ्या थांब्यावर अडलाय," मामा म्हणाले आणि स्क्रू ड्रायव्हर आणायला उठले.

"थांब, थांब! आधी पडदा खरंच मेलाय का ते बघू."

तिने खोलीतला दिवा मालवला आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून काळा पडदा न्याहाळला. पडद्यामागचा प्रकाश गेला असेल तर टॉर्चखाली अक्षरं पुसट दिसतात. काही दिसलं नाही. मग लॅपटॉपला टीव्हीची एचडीएमआय केबल जोडली. टीव्हीवरही अंधार. याचा अर्थ पडदा बहुधा निर्दोष, आत चित्रच तयार होत नाही. या दोन तपासण्यांना एक पैसा लागत नाही, आणि दुकानातल्या मुलाने त्यातली एकही केली नव्हती. त्याचा फार राग मानण्यात अर्थ नाही. तपासण्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, बदललेल्या वस्तूचे देतं. मग तो वस्तू बदलण्याचीच भाषा बोलणार.

चार्जर काढला, बॅटरी काढली. बॅटरी फुगलेली नाही ना, हे भाचीने हाताने चाचपून पाहिलं. फुगलेली असती तर प्रयोग तिथेच संपला असता, कारण लिथियमची फुगलेली बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही, पुन्हा चार्जही करायची नाही. मग अंगात उरलेली वीज निघून जावी म्हणून बटण तीस सेकंद दाबून धरलं, खालचं झाकण उघडलं आणि रॅमची पट्टी बाहेर आली. तिच्या सोनेरी दातांवर हलकी काळपट झाक होती.

"खोडरबर आहे का घरात?"

मामा हसले. "पेट्रोल गाडीच्या डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट आम्ही पॉलिश पेपरने घासायचो."

पॉलिश पेपर इथे चालत नाही, सोन्याचा मुलामा निघून जातो. पांढरा खोडरबर हळू फिरवायचा, कण झटकायचे, पट्टी खाच जुळवून तिरकी घालायची आणि दाबली की दोन्ही बाजूंच्या पकडी टक करून बसतात. हा काही गावठी जुगाड नव्हे. देशभरातले दुरुस्ती करणारे हेच करतात. पनवेलसारख्या दमट हवेत तर पावसाळाभर कपाटात पडलेल्या लॅपटॉपच्या बाबतीत पहिला संशय इथेच घ्यावा. हा लॅपटॉप जूनपासून गोदरेजच्या कपाटात होता.

बटण दाबलं. लोगो आला.

मामांनी काही न बोलता चहा टाकला. मेकॅनिक माणूस जिंकल्यावर बोलत नाही.

पण गाडी पुढच्या थांब्यावर अडलीच. काळ्या पडद्यावर इंग्रजीत ओळ उमटली, सुरू करण्यासारखी डिस्क सापडत नाही. आता भाचीची पाळी होती. "बघ मामा, एक निस्तरलं की दुसरं. रॅम झाली, आता डिस्क. उद्या पंखा, परवा बिजागरी. तुझा वेळ फुकट असेल, पण आमच्याकडे माणूस दोन तास बसला की त्या दोन तासांचा पगार नव्या लॅपटॉपच्या हप्त्याएवढा होतो. आणि समज, झाला चालू. त्यात विंडोज १० आहे. १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने तिचा पाठिंबा थांबवला. वर्षभराची वाढीव सुरक्षा मिळते म्हणतात, पण ऑक्टोबर २०२६ मध्ये तीही संपणार. विंडोज ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे चढत नाही. तुझा इंटेल चौथ्या पिढीतला, त्यांना आठव्यापासून पुढचा लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय. मग दुरुस्त करायचं कशासाठी?"

हा मुद्दा खोडून काढण्यासारखा नाही, आणि मामांनी तो खोडलाही नाही. यंत्र ठणठणीत असताना केवळ प्रोग्रॅमचा आधार काढून घेतल्यामुळे ते म्हातारं ठरवलं जाणं, हा प्रकार मोटारींच्या जगात त्यांनी पाहिला नव्हता. ते एवढंच म्हणाले, "कागद आहेत गं त्यात."

"कुठले?"

"साडेबारा टक्क्यांचे."

पनवेल-उरण पट्ट्यात या दोन शब्दांना खुलासा लागत नाही. इतरांसाठी एवढंच की नवी मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची ही सिडकोची योजना, आणि तिच्यामागे १९८४ च्या जासईच्या आंदोलनाचा, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाचा आणि गोळीबारात गेलेल्या पाच जणांचा इतिहास आहे. मामांच्या घरची थोडी जमीन त्यात गेलेली. वारस नोंदी, जुने सात-बारा, अर्ज, पोचपावत्या सगळं कोणा नातलगाने स्कॅन करून या लॅपटॉपमध्ये ठेवलं होतं. बऱ्याच मूळ कागदांना वाळवी लागली. दुसरी प्रत नाही.

भाचीचा सूर बदलला. "हे आधी सांगायचं ना! मग प्रश्न लॅपटॉपचा नाहीच. चालू झाला नाही तरी चालेल, आतलं बाहेर आलं पाहिजे. आणि आता तू कुठल्याही दुकानात जाऊ नकोस. फॉरमॅट मारून देतील."

'फॉरमॅट मारणे' हा आपल्याकडचा सर्वरोगहर उपाय. विंडोज अडली, मार फॉरमॅट. स्लो झाली, मार फॉरमॅट. गिऱ्हाइकाला संध्याकाळी चालू लॅपटॉप मिळतो आणि रात्री कळतं की लग्नाचे फोटो गेले. विंडोजच्या दुरुस्तीच्या पडद्यावरही 'सगळं काढून टाका' हा पर्याय इतका सहज समोर येतो की घाईत बोट तिकडे जातं. डिस्क आजारी असताना तिच्यावर दुरुस्तीचे प्रोग्रॅम तासन् तास चालवणंही धोक्याचं. उरलेला जीव त्यातच जातो. आधी नक्कल, मग इलाज, हा क्रम मोडू नये.

दुसऱ्या संध्याकाळी बायोसच्या पडद्यावरची तारीख मामांच्या नजरेस पडली. १ जानेवारी, आणि सालही कित्येक वर्षं मागचं. "घड्याळ बंद पडलंय याचं."

इथून जे उलगडलं त्याला नशीब म्हणा. मदरबोर्डवर नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल असतो, बहुतेक ठिकाणी सीआर २०३२. मुख्य बॅटरी संपली तरी घड्याळ चालू राहावं आणि सेटिंग आठवणीत राहावी म्हणून. चार महिने कपाटात मुख्य बॅटरी उतरली, सगळा भार या म्हाताऱ्या सेलवर आला, तोही संपला, आणि लॅपटॉप आपली सेटिंग विसरून कारखान्यातल्या मूळ स्थितीत गेला. एरवी याने फार बिघडत नाही. पण काही वर्षांपूर्वी कोणीतरी यावर फॉरमॅट मारला होता आणि विंडोज जुन्या, लेगसी पद्धतीने बसवली होती. मूळ सेटिंग यूईएफआयची. त्यामुळे डिस्क जागेवर असून यंत्राला ती 'सुरू करण्यासारखी' दिसेना. पत्ता जुना, पोस्टमन नवा.

भाचीने सेटिंग लेगसीवर नेली. सेल मात्र साधा नव्हता. त्याला दोन वायरी आणि चिमुकला प्लग होता, वर प्लास्टिकचं आवरण. असा वायरवाला सेल मागूनच घ्यावा लागतो, घड्याळाच्या दुकानातला मोकळा सेल इथे बसत नाही.

घड्याळाच्या सेलने लॅपटॉप अडवल्याचं रायगडशी नातं सांगणारं आणखी एक उदाहरण आहे. पनवेलहून कर्जतकडे गेलं की खैरात नावाचं गाव लागतं. २००७ साली तिथल्या धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत 'एक मूल, एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. मुलं वीस-बावीस, आणि प्रत्येकाच्या हातात हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप. तो मुळातच दुरुस्तीचा विचार करून घडवलेला होता. आत हार्ड डिस्क नाही, फिरणारा एकही भाग नाही, कीबोर्ड पाणी झेलणारा, आणि एखादा स्क्रू हरवला तर असावा म्हणून उचलायच्या मुठीतच जादा स्क्रू ठेवलेले. जगभर लाखोंनी वाटलेल्या या लॅपटॉपचा एक ठरलेला आजार मात्र होता. घड्याळाची वीज तुटली की तारीख अवैध आहे असं सांगून तो सुरू व्हायचाच नाही. एवढा विचार करून बनवलेलं यंत्र, आणि अडलं कुठे, तर तारखेवर.

मामांना ही गोष्ट फार आवडली. "म्हणजे तेव्हाच्या पोरांच्या लॅपटॉपला जादा स्क्रू, आणि आताच्या तुमच्या लाखाच्या लॅपटॉपची रॅम बोर्डावरच डाख देऊन चिकटवलेली. ती कुठल्या खोडरबराने घासायची?"

"पातळ पाहिजे ना लोकांना. हलका पाहिजे. जागा कुठून आणणार?"

"फ्रान्समध्ये दुकानात पाटीवर लिहितात म्हणे, कुठलं यंत्र दुरुस्तीला किती सोपं."

लिहितात. १ जानेवारी २०२१ पासून फ्रान्समध्ये लॅपटॉप, मोबाइल अशा काही वस्तूंवर दहापैकी गुण दाखवणं सक्तीचं झालं. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचं पोर्टल सुरू केलं. पोर्टलवर कंपन्यांनी आपली माहिती टाकायची, अशी ती व्यवस्था. पण बोर्डाचा नकाशा आणि सुटा भाग स्टेशनजवळच्या त्या काउंटरवरच्या मुलाच्या हाती पडेपर्यंत तो 'नवीनच घ्या' म्हणत राहणार. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी भंगार गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, हे चांगलंच. तरी भंगार होण्याआधीचा टप्पा अजून बऱ्याच अंशी ज्याच्या-त्याच्या स्क्रू ड्रायव्हरवर सोडलेला आहे, असं या लेखकाचं मत.

"नवीन घेतला म्हणजे सुटलास असं नाही हं, बाय," मामांनी आणखी एक फासा टाकला. "गेल्या वर्षी तुम्हा सगळ्यांचे कोरे लॅपटॉप एका सकाळी निळे पडले होते ना?"

पडले होते, १९ जुलै २०२४ ला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं सुरूच होईनात. हा आकडा मायक्रोसॉफ्टचा. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या दिवशीचा इलाजही शेवटी हातानेच झाला: हजारो यंत्रांपुढे माणूस बसला, सेफ मोडमध्ये गेला आणि एक फाईल पुसून आला.

"आणि त्यातल्या कित्येकांना आधी अठ्ठेचाळीस आकडी किल्ली शोधावी लागली," भाची म्हणाली. "डिस्क कुलूपबंद होती, बिटलॉकरने. तुझ्या या म्हाताऱ्याला कुलूप नाही. म्हणून डिस्क काढून दुसरीकडे लावली की कागद मिळतील. नव्या लॅपटॉपमध्ये ती किल्ली नसेल तर मी काय, कोणीच काढू शकत नाही. चोराच्या हाती पडला तर ते चांगलं. पण मामाच्या कपाटात पडला तर वाईट."

भाऊबीजेच्या संध्याकाळी ओवाळणी आटोपल्यावर तिने पेनड्राइव्ह काढला. त्यात तिने आपल्या लॅपटॉपवरून विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट भरून आणली होती. लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा, डिस्कला हातही लावायचा नाही. लिनक्सचा पडदा नीट उमटला, तर प्रोसेसर, रॅम, पडदा, बोर्ड सगळं एकाच तपासणीत पास. दोन मिनिटांत पडदा उमटला. स्टेशनजवळ मेलेला ठरवलेला मदरबोर्ड टीव्हीशेजारच्या टेबलावर हिरव्या मिंटच्या पानासकट जिवंत बसला होता.

डिस्क मात्र खरोखर आजारी निघाली. मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणाऱ्या तिच्या तबकड्यांतून मधूनच टक्, टक् असा आवाज येई. मामांनी कान लावला आणि पहिल्यांदा स्वतःहून म्हणाले, "बेअरिंग नाही हे. हे उघडायचं नाही." बरोबर होतं. वाचणारं टोक तबकडीपासून धुळीच्या कणापेक्षाही कमी अंतरावर तरंगत असतं. घरच्या हवेत झाकण उघडणं म्हणजे ओंजळभर वाळू टाकण्यासारखं. भाचीने विंडोज सुरू करून बघायचा मोह टाळला आणि डीडीरेस्क्यू नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम लावला. तो आधी डिस्कचा चांगला भाग उचलतो आणि अडखळणाऱ्या जागा शेवटासाठी ठेवतो. नक्कल बाहेरच्या डिस्कवर. रात्रभर लॅपटॉपपुढे टेबलफॅन फिरत राहिला, आणि मामा दोनदा उठून बघून गेले.

सकाळी हिशेब लागला. साडेबारा टक्क्यांच्या फोल्डरमधल्या सगळ्या फाईली उघडल्या. एका लग्नाचे काही फोटो अर्धे राखाडी आले, ते तसेच राहिले.

त्यानंतर अडीचेक हजारांची एसएसडी बसली, शंभरेक रुपयांचा वायरवाला सेल बसला, आणि विंडोजऐवजी लिनक्सच राहिली, मराठी मेनूसकट. दिवा लागल्यापासून काम सुरू होईपर्यंत पूर्वी तीन-चार मिनिटं लागायची, आता अर्धं मिनिटही लागत नाही. वाद मात्र मिटलेला नाही. भाचीच्या मते हा लॅपटॉप बँकेच्या कामाला वापरायचा नाही, आणि दोन वर्षांनी नवीन घ्यायचाच. मामांच्या मते दोन वर्षांनी बघू.

कागदांच्या आता तीन प्रती आहेत: एक लॅपटॉपमध्ये, एक मामांच्या कपाटातल्या डिस्कवर, एक ऐरोलीला. तुमच्या घरचा जुना लॅपटॉप आज चालू होत असेल, तर त्यातल्या कागदांची प्रत आजच काढून ठेवा.